जबाबदारीची वाटणी

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनापद्धतीची आणि आपल्याकडील तरुण अभियंत्याची पहिली गाठ सहसा परीक्षेच्या निमित्ताने पडते. ॲब्स्ट्रॅक्शन, एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम हे चार आधारस्तंभ तो पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवतो, कुत्रा व मांजर हे दोघेही ‘प्राणी’ या क्लासचे वंशज असल्याचे फळ्यावर सिद्ध करतो, नोकरीच्या मुलाखतीत सिंगलटन कसा लिहावा हे न अडखळता सांगतो. आणि एवढी सामग्री पदरी बांधून तो ज्या दिवशी एखाद्या पतपेढीच्या किंवा साखर कारखान्याच्या प्रत्यक्ष कारभारासाठी प्रोग्राम लिहावयास बसतो, त्या दिवशी कुत्रा, मांजर आणि चारही स्तंभ यांपैकी कोणीच त्याच्या मदतीला येत नाही. हा दोष त्याचा नव्हे. ज्या पद्धतीचा जन्म माणसांच्या आपसातील बोलण्यातून झाला, आणि कामाची जाण असणारा व प्रोग्राम लिहिणारा या दोघांना एकमेकांशी नीट बोलता यावे हेच जिचे मूळ प्रयोजन होते, ती आपण त्या बोलण्यापासून तोडून, व्याख्यांच्या रूपाने, एकेकट्या विद्यार्थ्याच्या हाती दिली. प्रस्तुत संग्रहातील लेख वेगवेगळ्या निमित्तांनी लिहिले गेले असले तरी त्यांच्यामागे एक सूत्र आहे, ते असे की, प्रोग्रामच्या कोणत्या भागाने कोणती जबाबदारी घ्यावी हा प्रश्न एकट्याने बसून सुटण्याजोगा नाही, आणि यास्तव समव्यावसायिकांची संगत ही या विद्येत फावल्या वेळची हौस नसून कामाचीच एक गरज आहे.

हे मत एका फ्रीलान्स अभियंत्याचे आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे. कारण कंपनीच्या हजेरीपटावर ज्याचे नाव आहे त्याला ही गरज इतक्या तीव्रतेने भासण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारच्या मेजावर कोणीतरी बसलेले असते, त्याचा कोड मुख्य शाखेत जाण्यापूर्वी कोणीतरी वाचतो, निदान वाचल्याची सही करतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा करारनामा ग्राहकाशी असतो, आणि ग्राहकाला पडदा दिसतो, पडद्यामागची रचना दिसत नाही; ती चांगली असली तर तो जास्त पैसे देणार नाही आणि वाईट असली तर वर्षा-दोन वर्षांनी, पहिला मोठा बदल सांगेपर्यंत, त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. ज्याच्या कामातील गुण व दोष दोन्ही इतका काळ अदृश्य राहतात अशा माणसाला, आपले काम वाचणारा कोणीतरी असावा ही ओढ स्वाभाविकच लागते. मी या विषयाच्या इतिहासाकडे वळलो तो याच ओढीने, आणि तेथे मला जे दिसले त्याने माझे मत अधिकच दृढ झाले.

तो इतिहास ऑस्लो येथे सुरू होतो. क्रिस्टेन न्यूगॉर हे गणिती 1948 पासून नॉर्वेच्या संरक्षण-संशोधन संस्थेत होते. अणुभट्टीच्या आकडेमोडीपासून आरंभ करून ते पुढे ज्याला ऑपरेशनल रिसर्च म्हणतात त्या शास्त्राकडे, म्हणजे एखाद्या गुंतागुंतीच्या व्यवहारात रांगा कोठे लागतात, कोण कोणासाठी खोळंबतो, याचा गणिताने शोध घेण्याच्या कामाकडे वळले, आणि 1960 मध्ये नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटर या संस्थेत आले. असल्या व्यवहारांचे वर्णन करावयास त्यांना भाषा हवी होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही भाषा केवळ यंत्राला हुकूम देण्यासाठी नव्हती; व्यवहार जाणणाऱ्या माणसाला ती वाचून ‘होय, आमच्याकडे असेच चालते’ किंवा ‘नाही, असे चालत नाही’ हे सांगता यावे, हाही हेतू तिच्यात आरंभापासून होता. ओले-यूहान दाल या असामान्य बुद्धीच्या प्रोग्रामरची जोड त्यांना मिळाली, युनिव्हॅक 1107 हे यंत्र मिळाले, आणि त्यातून सिम्युला ही भाषा निर्माण झाली. इनहेरिटन्स नावाची जी युक्ती पुढे पाठ्यपुस्तकांनी देव्हाऱ्यात बसवली ती या दोघांना 1966-67 च्या हिवाळ्यात सापडली, ती तत्त्वचिंतन करताना नव्हे, तर पथकर नाका असलेल्या एका पुलावरील वाहनांच्या रांगेचा विचार करताना: रांगेत ट्रकही आहेत आणि बसही आहेत, दोघांचे वर्तन निराळे, परंतु रांगेत उभे राहण्यापुरता दोघांचा धर्म एकच; मग तो समाईक भाग एकदाच लिहून ट्रकला व बसला पुढे जोडता येणार नाही काय? टोनी होअर यांनी रेकॉर्डच्या वर्गवारीविषयी मांडलेला विचार या दोघांच्या वाचनात होताच. 1967 च्या मे महिन्यात ऑस्लोजवळील ल्यूसेबू येथे भरलेल्या परिषदेत क्लास आणि सबक्लास यांवरचा त्यांचा निबंध सादर झाला.

न्यूगॉर यांच्या चरित्राचा उत्तरार्ध आमच्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, आणि माझ्या मते तो पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्या भाषेचा उपयोग करून कारखान्यांतील कामाची जी फेरमांडणी होते आहे तिच्यात कामगाराच्या वाट्याला अधिक ठोकळेबाज आणि कमी कौशल्याचे काम येणार, हे त्यांना उमगले. आणि नुसती खंत न करता ते 1970 नंतरच्या वर्षांत नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर काम करू लागले, ज्यांच्यावर या यंत्रणांचा अंमल बसणार त्यांनाच त्या यंत्रणा समजून घेण्याची व त्यांत बदल मागण्याची ताकद यावी म्हणून. पुढे आपल्या देशाच्या युरोपीय संघातील प्रवेशाविरुद्धच्या चळवळीचे ते नेते झाले आणि 1994 च्या सार्वमतात त्यांच्या बाजूचा जय झाला. दाल आणि न्यूगॉर यांना 2001 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले व 2002 च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही निवर्तले. व्यवहाराचे वर्णन कोणाला वाचता आले पाहिजे, या एकाच प्रश्नाने या माणसाचे गणित आणि राजकारण दोन्ही बांधलेले होते असे मला वाटते.

सिम्युलाची टेप अमेरिकेत युटा विद्यापीठात पोहोचली ती जवळजवळ वेषांतर करून. ॲलन के नावाच्या नव्या विद्यार्थ्याला 1966 मध्ये सांगण्यात आले की, ही अल्गोल भाषेची यंत्रणा आहे, ती चालेनाशी झाली आहे, चालती कर. कागदपत्रे नॉर्वेजियन वळणाच्या इंग्रजीत, अर्थ लागेना. तेव्हा के व त्यांचा एक सहाध्यायी यांनी प्रोग्रामचा छापील कागद इमारतीच्या व्हरांड्यात सुमारे 80 फूट पसरला, आणि दोघे त्यावर गुडघ्यांवर रांगत, जे जे सापडेल ते ओरडून एकमेकांना सांगत सुटले. परक्याने लिहिलेला कोड दोघांनी मिळून मोठ्याने वाचणे, हा या विद्येच्या अमेरिकेतील प्रवेशाचा एक आरंभीचा प्रसंग आहे. के यांनी गणिताबरोबर रेणवीय जीवशास्त्राचेही अध्ययन केलेले होते. त्यांना ऑब्जेक्टमध्ये वंशावळ दिसली नाही, स्वतःचे अंतरंग झाकून ठेवणाऱ्या आणि केवळ निरोपांनी परस्परांशी व्यवहार करणाऱ्या पेशी दिसल्या. झेरॉक्स कंपनीच्या पालो ऑल्टो येथील संशोधनकेंद्रात डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आदींच्या साहाय्याने त्यातून स्मॉलटॉक उभी राहिली. ऑब्जेक्ट या शब्दामुळे लोकांचे लक्ष गौण गोष्टीकडे गेले, खरा मुद्दा निरोपांचा होता, अशी खंत के यांनी पुढे स्वतःच व्यक्त केली. तिकडे केंब्रिजमध्ये सिम्युलाच वापरलेले बियार्ने स्ट्राउस्ट्रुप 1979 मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये आले आणि त्यांनी सी भाषेला क्लास जोडले. आपल्याकडे ही विद्या मुख्यतः या दुसऱ्या वाटेने, सी++ आणि मागाहून जावा यांच्यामार्फत आली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकांवर सी शिकलेली आणि पुण्याच्या सी-डॅकच्या पदविकेत सी++ गिरवलेली जी पिढी महाराष्ट्रात तयार झाली तिला वंशावळ आधी भेटली. निरोप पुष्कळांना अद्यापि भेटावयाचे आहेत.

तत्त्वाची ही चर्चा येथे थांबवून एका उदाहरणाकडे वळतो, कारण या संग्रहातील अर्ध्याअधिक लेख त्यातून उगवले आहेत. नवशिक्यांना मी सातबाऱ्याची यंत्रणा मांडावयास सांगतो. विषय घरोघरीचा आहे, आणि ज्याच्या घरी वाटणीचा दावा चालू आहे असा एखादा विद्यार्थी आमच्या बैठकीत (तिच्याविषयी पुढे सांगेन) असला की त्या दिवशीची चर्चा फारच रंगते. पहिली मांडणी बहुधा ठरलेली असते: ‘जमीन’ हा एक क्लास, आणि महसूल अधिनियमाप्रमाणे जमिनीचा धारणाधिकार भोगवटादार वर्ग 1 आणि भोगवटादार वर्ग 2 असा असल्यामुळे, म्हणजे पहिल्या प्रकारात हस्तांतरणाला मोकळीक व दुसऱ्यात सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून मनाई असल्यामुळे, ‘जमीन’चे दोन वंशज. फळ्यावर चित्र सुबक दिसते. व्याकरणदृष्ट्या त्यात काही चूक नाही. मग मी विचारतो की, खातेदाराने अर्ज केला, नियमाप्रमाणे रक्कम भरली, आणि जमीन वर्ग 2 मधून वर्ग 1 मध्ये आणण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढला, तर तुमच्या प्रोग्रामने काय करावे? जावामध्ये एका क्लासचा म्हणून जन्मलेला ऑब्जेक्ट मरेपर्यंत त्याच क्लासचा राहतो. कोणी म्हणतो, जुना ऑब्जेक्ट नष्ट करून त्याच गट क्रमांकाचा नवा करू. परंतु जुन्याला टांगलेले ‘इतर अधिकार’ या रकान्यातील बँकेचे बोजे, पूर्वीचे कूळ, न्यायालयातील दाव्याची नोंद या सर्वांचे काय? जमीन तर तीच आहे. बांधावरची बाभूळसुद्धा हललेली नाही.

येथे संभाषण अडते, आणि ते अडावे अशीच माझी इच्छा असते. कारण या अडचणीचे उत्तर कोणत्याही प्रोग्रामिंगच्या पुस्तकात शोधण्याची आवश्यकता नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात केव्हाचे देऊन ठेवलेले आहे. गाव नमुना 7 हा केवळ आजच्या स्थितीचा उतारा आहे. ती स्थिती बदलते ती गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत: तेथे प्रत्येक बदलाला स्वतःचा क्रमांक मिळतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, हरकत आली तर तिची चौकशी होते, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. याचा अर्थ, फेरफार ही जमिनीवर केलेली क्रिया नसून स्वतःचे आयुष्य असलेली एक स्वतंत्र वस्तू आहे, तिला आरंभ आहे, टप्पे आहेत, मंजुरी वा नामंजुरी असा शेवट आहे. आणि वर्ग 1 वा वर्ग 2 असणे ही जमिनीची जात नसून तिने सध्या धारण केलेली अवस्था आहे. एवढे उमगले की इनहेरिटन्सचे चित्र विद्यार्थी आपणहून पुसतात. पुढे कधीतरी या युक्तीला ‘स्टेट पॅटर्न’ असे नाव असल्याचे त्यांना कळते. नाव नंतर कळल्यामुळे काही बिघडत नाही, उलट नाव आधी कळलेल्या लोकांनी मला जास्त त्रास दिलेला आहे.

डेव्हिड पार्नास यांनी 1972 च्या एका छोट्या निबंधात हेच निराळ्या अंगाने सांगितले होते: प्रोग्रामचे भाग कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नका, उद्या बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका भागात झाकून ठेवा. त्या वेळी सी++ आणि जावा या दोहोंचा जन्मही झालेला नव्हता. पण उद्या काय बदलेल, हे आज कोणाला ठाऊक असते? माझ्या अनुभवाप्रमाणे ते कारकुनाला ठाऊक असते, तलाठ्याला, गोदामाच्या रखवालदाराला, वसुलीच्या इन्स्पेक्टरला ठाऊक असते. ज्याने नियमातील चार फेरबदल आपल्या नोकरीत पाहिले त्याला पाचवा कोठून येईल याचा सुगावा असतो. अभियंत्याला तो असणे शक्यच नाही.

म्हणूनच 1989 च्या ऊप्स्ला या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या परिषदेत केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी मांडलेली कार्डांची युक्ती मला आजही सर्व आकृतिशास्त्राहून श्रेष्ठ वाटते. एका लहानशा कोऱ्या कार्डावर ऑब्जेक्टचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या, आणि त्या पार पाडण्यासाठी त्याला कोणाची मदत लागते ते लिहावयाचे. मग टेबलाभोवती बसून, एकेक कार्ड हातात धरून, एखादा प्रसंग आरंभापासून अखेरपर्यंत वठवून पाहावयाचा. कार्ड लहान आहे हाच त्याचा गुण: त्यावर मावत नाही इतक्या जबाबदाऱ्या झाल्या, तर त्या ऑब्जेक्टने फाजील अधिकार बळकावले आहेत हे सांगावयास वेगळ्या तज्ज्ञाची गरज उरत नाही. त्याच परिषदेत रेबेका वर्फ्स-ब्रॉक यांनी जबाबदारी हाच रचनेचा पाया धरणारी आपली पद्धती मांडली. या मंडळींचा भर पाहा: ऑब्जेक्टच्या पोटात कोणती माहिती आहे हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता, तो कशाला उत्तरदायी आहे आणि कोणाच्या भरवशावर, हा होता. आणि कार्डांचा हा प्रयोग एकट्याने करता येत नाही. मी करून पाहिला आहे; चारही कार्डे आपल्याच हातात असली की कोणीच कोणाला हरकत घेत नाही.

पॅटर्नच्या चळवळीचा उगमही असाच संगतीतून झाला, आणि तिच्या उतरणीचे कारणही संगतीतच शोधावे लागते. ख्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुशिल्पज्ञाने 1977 साली शहरापासून खिडकीपर्यंतच्या रचनांचे 253 नमुने ग्रथित केले होते, अशा हेतूने की राहणाऱ्याला आपले घर रचण्यात भाग घेता यावा. बेक आणि कनिंगहॅम यांनी 1987 मध्ये तोच मार्ग स्मॉलटॉकमध्ये चोखाळला: थोडेसे नमुने देऊन पडद्याची रचना त्यांनी वापरणाऱ्यांच्याच प्रतिनिधींकडून करून घेतली. 1994 मध्ये इलिनॉयमधील ॲलर्टन पार्क येथे पॅटर्न लिहिणाऱ्यांची पहिली परिषद भरली तेव्हा तेथे निबंध वाचून टाळ्या घेण्याची प्रथा ठेवली नव्हती. लिस्प भाषेचे जाणकार आणि स्वतः कविता लिहिणारे रिचर्ड गेब्रिएल यांनी कवींच्या कार्यशाळेची रीत तेथे आणली होती: लेखकाने आपल्या लेखातील एखादा उतारा वाचावा आणि मग गप्प बसावे, इतरांनी, तो समोर नाहीच असे समजून, आधी लेखाचा आशय, मग त्यातील चांगले, आणि त्यानंतर सुधारणेच्या सूचना, या क्रमाने बोलावे, लेखकाने समर्थन करू नये. ज्याने आपला कोड दुसऱ्याला वाचावयास दिला आहे त्यालाच ठाऊक की, या नियमांतील सर्वांत अवघड कलम शेवटचे आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचा 23 पॅटर्नचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि बघता बघता वर्णनाचे रूपांतर सनदेत झाले. ग्रंथकारांनी इनहेरिटन्सपेक्षा जोडरचना, म्हणजे कॉम्पोझिशन, पत्करावी असे बजावले होते, ते मागे पडले. उरली ती नावे, आणि नावांची मुलाखत. पीटर नॉर्विग यांनी 1996 मध्येच दाखवून दिले की, अधिक लवचीक भाषांत या 23 पैकी 16 पॅटर्न एकतर सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात, म्हणजे त्यांतील बरेचसे शहाणपण भाषेची उणीव भरून काढण्यात खर्च झालेले होते. 1999 मध्ये डेन्व्हरच्या ऊप्स्ला परिषदेत त्या चौघांवर, त्यांच्याच संमतीने, एक लुटुपुटीचा खटला चालवण्यात आला, आणि हजर ज्यूरींपैकी दोन-तृतीयांश लोकांनी त्यांना दोषी ठरवले. आपल्या सर्वमान्य ग्रंथकारांना पिंजऱ्यात उभे करून हसू शकणारी आणि ते ग्रंथकारही ज्यात सामील होतात अशी व्यावसायिकांची मंडळी मला हेवा वाटण्याजोगी वाटते. आपल्याकडे एक तर आपण त्यांना हार घातले असते किंवा त्यांच्याशी बोलणे टाकले असते.

पण त्याहून गंभीर आरोप तीन वर्षे आधी झाला होता. 1996 मध्ये अलेक्झांडर स्वतः या परिषदेपुढे, सॅन होजे येथे, बोलावयास उभे राहिले आणि त्यांनी प्रोग्रामरांना नम्रपणे विचारले की, माझ्या नमुन्यांमागे राहणाऱ्याचे जीवन अधिक चांगले व्हावे अशी नैतिक बाजू होती, तशी काही बाजू तुमच्या पॅटर्नला आहे काय. न्यूगॉर यांनी कामगार संघटनेच्या कचेरीत जाऊन विचारलेला प्रश्न तो हाच. सातबाऱ्याच्या उदाहरणात तो असा उभा राहतो: फेरफाराची नोटीस हा तुमच्या प्रोग्राममध्ये एक निरोप आहे, तो ज्याला पोहोचावयाचा ती वाटणीत डावलली जाण्याचा संभव असलेली बहीण असेल, तर निरोप पाठवला म्हणजे जबाबदारी संपली, की तो मिळाल्याची खात्री करणे हीदेखील कोणत्यातरी ऑब्जेक्टची जबाबदारी आहे? हा प्रश्न रचनेचा आहे आणि न्यायाचाही आहे, आणि माझ्या बैठकीतील एका मुलीने तो उपस्थित केला तेव्हा त्या संध्याकाळी ठरलेला पुढचा विषय घेताच आला नाही.

ही बैठक पुण्यात एका स्नेह्याच्या कचेरीत, सुटीच्या दिवशी भरते. तिला नाव नाही, वर्गणी नाही, आणि प्रायोजक मिळवण्याचा प्रयत्न आम्ही हेतुपुरस्सर टाळला आहे, कारण मोठ्या मेळाव्यांत व्यासपीठावरचे भाषण आणि मागच्या दालनातील विक्री यांची सरमिसळ कोठे होते हे मी पुरेसे पाहिले आहे. येथे फ्रीलान्स काम करणारे येतात तसे मोठ्या कंपन्यांतले दमलेले लोकही येतात. एकाचा कोड सर्वांनी वाचावयाचा. लिहिणाऱ्याने गप्प बसावयाचे. ग्राहकाचे गुपित उघड होऊ नये म्हणून नावे व आकडे बदललेले असतात, रचना बदललेली नसते. या पुस्तकातील प्रत्येक लेख त्या बैठकीत याच रीतीने वाचला गेला आहे.

संज्ञांच्या बाबतीत मी शुद्धीचा आग्रह धरलेला नाही: क्लास, ऑब्जेक्ट, इंटरफेस हे शब्द आमच्या बैठकीत जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत, आणि जेथे मराठी कारभाराच्या परिभाषेत नेमका शब्द आयता होता तेथे तो बिनदिक्कत घेतला आहे. कोडचे नमुने जावामध्ये आहेत. निरोपांविषयीचे दोन लेख मात्र स्मॉलटॉकवाचून नीट सांगता येईनात, म्हणून तेवढ्यापुरती ती भाषा शिकण्याचे कष्ट वाचकाने घ्यावेत. इनहेरिटन्सवरील लेख सर्वांत लांब झाला आहे आणि घाई असणाऱ्याने तो वगळला तरी पुढचे अडणार नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. आमच्यातील दोघांना या पुस्तकाचा पायाच मान्य नाही. त्यांच्या मते अवस्था धारण करणारा ऑब्जेक्ट हेच गोंधळाचे मूळ आहे. फेरफार नोंदवहीचे माझे उदाहरण वस्तुतः माझ्याविरुद्ध जाते, कारण न बदलणाऱ्या नोंदींची एक माला आणि तिच्यापासून आजची स्थिती काढून देणारे एक फंक्शन एवढ्यावर सातबारा उभा राहतो, त्याला ‘जमीन’ नावाच्या ऑब्जेक्टची गरजच काय? या आक्षेपाला मी दोनदा उत्तर लिहिले आणि दोन्ही वेळा बैठकीने ते अपुरे ठरवले. तेव्हा त्यांचे म्हणणे, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांनी लिहिलेल्या कोडसह, शेवटचा लेख म्हणून छापले आहे. त्याखाली माझी टीप नाही.